दोन वर्षांत तिसरा नॉनस्टिक तवा, आता नक्की कुठला घेऊ?

पाचपाखाडीची

नमस्कार मंडळी. असा धागा आधी निघाला असेल तर लिंक द्या पण ओरडू नका, मी शोधलं होतं, सगळीकडे "आमच्याकडे अमुक आहे, मस्त आहे" एवढंच लिहिलंय आणि ते लिहून आठ दिवस पण झालेले नसतात घेऊन. आठ दिवस तर माझे तिन्ही तवे मस्तच होते.

तर परिस्थिती अशी की घरात आम्ही चौघं, सासूबाई मालवणकडच्या त्यामुळे सकाळी घावन नाहीतर आंबोळी आठवड्यातून चार दिवस तरी, नवऱ्याचं ऑम्लेट, मुलाचा चीज घातलेला चिला. पोळ्यांना लोखंडी तवा वेगळा आहे, त्याचा प्रश्न नाही. शेगडी काचेची, तीन बर्नरची, पाइपचा गॅस, इंडक्शन नाही.

तवा पहिला: ऑफरमध्ये साडेतीनशेला घेतला. सहा महिन्यांत मधोमध पापुद्रे सुटले. घावनाच्या पाठीवर काळे ठिपके दिसायला लागले, मुलगा म्हणाला आज तीळ घातलेत का आई. त्या दिवशी मी तो गॅलरीत नेऊन ठेवला, अजून तिथेच आहे, त्यात कोथिंबीर पेरलीय.

तवा दुसरा: थोडा महाग. थर शाबूत, पण तवाच मधे फुगला. तेल सोडलं की कडेला पळतं, पीठ घातलं की तेही मागोमाग, आणि शेगडीवर ठेवला की हात लावला तर गरगर फिरतो.

तवा तिसरा: दिसायला अजून नव्यासारखा, ना ओरखडा ना फुगवटा, तरी गेल्या दोन महिन्यांपासून घावन सोडतच नाही. कालथ्याने खरवडून काढलं की त्याचा उपमा होतो.

आता प्रश्न. सिरॅमिक घेऊ की ते ग्रॅनाइटवालं? पोटात गेलेल्या काळ्या कणांचं काय? आणि दुकानदार म्हणतो पाच भांड्यांचा सेट घ्या, स्वस्त पडेल, तर घेऊ का? बजेट दीड-दोन हजार. सासूबाईंचं मनगट दुखतं म्हणून फार जड नको.

लोखंडी_माणूस

बिडाचा घ्या. धागा संपला.

घोडबंदर_ट्रॅफिक

मानपाड्याचा सिग्नल संपत नाही आणि हे म्हणे धागा संपला.

नेरूळची_सुगरण

अगं माझा एकच तवा सहा वर्षं चाललाय, खोटं नाही सांगत, आणि तो काही फार भारीतला पण नाहीये. फक्त मी त्याला पाहुण्यासारखा वागवते. मोठ्या बर्नरवर कधी चढवत नाही, लाकडी उलथण्याशिवाय काही लावत नाही, फोडणी तर बापजन्मात नाही, आणि मुख्य म्हणजे भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या तावडीत देत नाही. मावशी बिचाऱ्या चांगल्या आहेत पण त्यांच्या हातात तारेची घासणी आली की त्यांना कढई काय आणि तवा काय, सगळं चांदीसारखं करून ठेवायचं असतं. तो मीच धुते, कोमट पाण्याने, स्पंजच्या मऊ बाजूने, आणि कपाटात ठेवताना वर जुना नॅपकिन टाकते कारण त्यावर दुसरं भांडं घासलं गेलं की संपलं.

सेट अजिबात घेऊ नकोस. माझ्या जावेने घेतला, त्यातला एक सॉसपॅन अजून खोक्यात आहे.

टीटीसी_काका

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे स्वयंपाकातलं कमी आणि या थरातलं थोडं जास्त कळतं. ताई, तुमचे तीन तवे तीन वेगळ्या आजारांनी गेलेत, आणि चौथा कुठलाही घेतलात तरी हे आजार घरातच आहेत, म्हणून आधी ते बघू.

आधी हा थर काय आहे ते. नाव पीटीएफई. टेफ्लॉन हे त्याचं बाजारातलं नाव, मुळात ड्युपाँट कंपनीचं. १९३८ मध्ये त्यांच्याकडचे रॉय प्लंकेट फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होते, सिलिंडर उघडला तर वायू येईना, वजन मात्र तेवढंच, कापून बघितला तर आत पांढरी मेणचट पावडर. ती कशालाच चिकटेना, कुठल्या ॲसिडला दाद देईना. नळ गळायला लागला की प्लंबर आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो ना, ती तीच. आमच्या प्लांटमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा आणि गॅस्केटं याचीच असायची कारण बाकी काही टिकायचंच नाही. तव्यावर हे आलं फ्रान्समधून, मार्क ग्रेग्वार नावाचा इंजिनियर मासेमारीच्या सामानाला हा थर द्यायच्या खटपटीत होता, बायको म्हणाली त्यापेक्षा माझ्या भांड्यांना दे. १९५६ मध्ये त्यांनी टेफाल कंपनी काढली.

आता तुमचा पहिला तवा. थर निघाला तो धातूच्या कालथ्याने आणि घासणीने, आणि त्यात साडेतीनशेच्या तव्यावर थर मुळातच पातळ. दुसरा फुगला कारण पत्रा पातळ, आणि माझा अंदाज आहे की गरम तवा थेट नळाखाली गेला. चर्रर्र आवाज येतो ना, तो तवा वाकतानाचा आवाज समजा. तिसऱ्याचा आजार मजेशीर आहे, थर गेलेलाच नाही. वर तेलाचा लेप बसलाय. पुसट पिवळसर, बोटाला चिकट लागेल, कडेला जास्त. तेल पुन्हा पुन्हा तापलं आणि नीट धुतलं नाही की त्याचं वार्निश होतं आणि मग घावन तव्याला नाही, त्या वार्निशला चिकटतं. फेकू नका. तव्यात पाणी घ्या, दोन चमचे खायचा सोडा टाका, दहा मिनिटं मंद उकळा, कोमट झालं की साबण आणि स्पंज. एकदा नाही निघालं तर दुसऱ्यांदा. मग इथे येऊन सांगा.

पाचपाखाडीची

काका तुम्ही आमच्या किचनमध्ये कॅमेरा लावलाय का? नळाखाली धरणारा माणूस घरातच आहे, आत्ता शेजारी बसून हे वाचतोय आणि म्हणतोय की आवाज छान येतो म्हणून धरायचो.

घोडबंदर_ट्रॅफिक

वहिनी, दादांना सांगा आम्ही सगळे धरतो, फक्त कबूल करत नाही.

वाशी_सेक्टर_नऊ

काका ते सगळं ठीक आहे पण घाबरायचं की नाही ते सरळ सांगा. व्हॉट्सॲपवर रोज कॅन्सर कॅन्सर येतंय. आणि त्या पोटात गेलेल्या तिळांचं काय?

टीटीसी_काका

दोन गोष्टींची खिचडी झालीय ती वेगळी करतो.

पीटीएफईचा कण गिळला गेला तर तो पोटात विरघळत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. ॲसिडला दाद देत नाही तो तुमच्या जठराला काय देणार. म्हणून मुलाने खाल्लेल्या तिळांची चिंता नको, पण थर सुटलेला तवा वापरूही नका, आयसीएमआरच्या पोषण संस्थेने २०२४ च्या आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत हेच लिहिलंय, थर खराब झाला की भांडं बाद करा.

बदनामी झाली ती पीएफओएची. ते हा थर बनवताना कारखान्यात वापरायचं एक मदतनीस रसायन, ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहतं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. जास्त त्रास झाला तो कारखान्याजवळ राहणाऱ्यांना आणि तिथलं पाणी पिणाऱ्यांना. अमेरिकेत २००६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत बंद करायचं कबूल केलं. आता खोक्यावर "पीएफओए फ्री" मोठ्या अक्षरात असतं ते वाचून आत टेफ्लॉन नाही असं समजू नका, आत बहुतेक वेळा पीटीएफई असतोच, फक्त बनवायची पद्धत बदलली.

मग धोका कशात? रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्यात. २६० अंशांपर्यंत हा थर बिनघोर असतो, त्यापुढे बिघडायला लागतो आणि ३५० च्या वर गेला की सरळ तुटून वायू सोडतो. पातळ तवा रिकामा ठेवून दाराशी कुरिअरवाल्याशी बोलत बसलात तर चार-पाच मिनिटांत २६० च्या पुढे गेलेला असतो. तेल असलं तर ते आधी सांगतं, रिफाइंड शेंगदाणा तेल २३० च्या आसपास धुरायला लागतं. तेल धुरलं की गॅस कमी, एवढं साधं. त्या वायूने माणसाला फ्लूसारखा ताप भरतो, पॉलिमर फ्यूम फिव्हर म्हणतात, सहसा दिवस-दोन दिवसांत उतरतो. टेफ्लॉनची पावडर हाताळणाऱ्यांना आमच्याकडे बिडी-सिगारेट खिशात पण ठेवू द्यायचे नाहीत, कारण बोटांवरचा कण सिगारेटला लागला की तिच्या निखाऱ्यात जळून थेट छातीत.

घोडबंदर_ट्रॅफिक

म्हणजे बिडाचा चालेल, बिडी नको.

लोखंडी_माणूस

मी काय सांगत होतो.

वाशी_सेक्टर_नऊ

हे वाचून मला आत्ता कळलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन बजरीगर होते, किचनच्या खिडकीत पिंजरा. बायकोने डोशाचा तवा तापत ठेवला आणि ऑफिसचा कॉल आला, वीसेक मिनिटांनी जळका वास आला म्हणून धावली. तवा बाजूला केला, एक्झॉस्ट लावला, आम्हाला दोघांना घसा खवखवण्यापलीकडे काही झालं नाही पण संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्षी तळाशी पडलेले. आम्हाला वाटलं उन्हाने गेले. डॉक्टरांनी विचारलं होतं की घरात काही जळलं होतं का, तर आम्ही नाही म्हणालो, कारण जळलं तर काहीच नव्हतं ना, तवा रिकामा होता.

टीटीसी_काका

वाईट वाटलं. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, त्यांना हा वायू लगेच बाधतो. ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांनी पिंजरा किचनपासून लांब ठेवा, तवा कुठलाही असो.

कोपरीवाला

मामाचं ठाणे मार्केटात भांड्यांचं दुकान होतं, कॉलेजला असताना सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो, म्हणून घेतानाचं सांगतो.

ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन, डायमंड ही सगळी नावं आहेत. तव्यात दगड नसतो. बहुतेक वेळा खाली तोच पीटीएफई आणि वर ठिपके, काहींत कडकपणासाठी थोडी खनिज पावडर. ठिपक्यांचे पैसे देऊ नका. सिरॅमिक मात्र खरंच वेगळं, त्यात पीटीएफई नसतो, वाळूच्या जातीचा म्हणजे सिलिकाचा थर असतो. पहिले काही महिने इतकं सुळसुळीत की अंडं ताटात ओतावं लागतं, पण ती सुळसुळ लवकर जाते, गिऱ्हाईक सहा-आठ महिन्यांत परत यायचं आणि म्हणायचं थर तर दिसतोय मग चिकटतं का. जास्त आच सोसतं हे खरं. ज्याला टेफ्लॉनची भीतीच बसलीय त्याने घ्यावं आणि लवकर बदलायची तयारी ठेवावी.

बघायची ती जाडी. घावन-डोशाच्या तव्याला निदान तीन मिलिमीटर, चारच्या आसपास मिळाला तर उत्तम. पातळ तव्यात ज्वाळेच्या जागी करपतं आणि कडेला कच्चं राहतं, आणि वाकतो तोच. खोक्यावर जाडी लिहिलेली नसली तर सोपी युक्ती, सारख्याच मापाचे दोन तवे दोन हातांत घ्या, जड तो जाड. ऑनलाइन घेत असाल तर वजनाचा आकडा बघा, फोटो सगळ्यांचेच जाड दिसतात. मग तवा उलटा करून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरा, मधे केसभर खोलगट चालतं, तापला की ते सरळ होतं, पण मधे फुगीर असेल तर परत ठेवा. हँडल स्क्रूचं असेल तर स्क्रू ढिला होतो, घट्ट करत राहावं लागतं. रिव्हेटचं टिकतं पण आतल्या बाजूला रिव्हेटच्या टोप्यांभोवती तेल साचतं, ते जुन्या टूथब्रशने काढायचं.

मार्क पण बघा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करायचा आदेश सरकारने २०२४ मध्ये काढला. जांभळी नाक्याला ढिगातून किलोवर मिळतं ते घेऊ नका, दुकानातून बिलावर घ्या.

खारघर७

एक शंका, विचारलं तर हसाल. काहीच चिकटत नाही असा पदार्थ आहे तर तो तव्याला कसा चिकटवला?

टीटीसी_काका

हसणार कशाला, चांगला प्रश्न आहे. आधी ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या माऱ्याने नाहीतर ॲसिडने खरबरीत करतात, म्हणजे त्यावर बारीक खड्डे पडतात. मग एक पातळ अस्तर मारतात ज्यात धातूला धरणारं दुसरं रेझिन मिसळलेलं असतं, ते खड्ड्यांत उतरून बसतं. त्यावर पीटीएफईचे एक-दोन हात आणि मग भट्टीत साधारण चारशे अंशांना भाजतात, तिथे सगळं एकजीव होतं. भिंतीला गिलावा धरावा म्हणून आधी टाचे मारतात ना, तसंच. म्हणून एका जागी थर उचकटला की पाणी आणि तेल खाली शिरतं आणि शेजारचंही सुटत जातं.

ऐरोली_पीजी

दादा-ताई, मी पीजीत राहतो, गॅस अलाउड नाही, इंडक्शन आहे. परवा एक नॉनस्टिक पॅन घेतला तर शेगडी टूं टूं करून बंदच पडतेय, पॅन खराब आहे की शेगडी?

कोपरीवाला

दोन्ही चांगले आहेत, लग्न चुकीचं लागलंय. साधा ॲल्युमिनियमचा पॅन इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, म्हणजे खाली लोखंडी किंवा चुंबकाला धरणाऱ्या स्टीलची चकती हवी. फ्रिजवरचा मॅग्नेट खिशात घालून दुकानात जा. वापरला नसशील तर बदलून मागून बघ.

ऐरोली_पीजी

वापरला नाहीये कारण तो चाललाच नाही 😅 थँक्यू. मेसच्या भाजीला कंटाळलोय, निदान अंडं तरी करता यावं.

नेरूळची_सुगरण

आणि बाळा इंडक्शन एकदम दोन हजारवर नको टाकूस, सातशे-आठशेवरच ठेव, तो गॅसपेक्षा भसकन तापतो. लहान घे, वीस-बावीस सेंटिमीटर, दोन अंड्यांना भरपूर झाला.

लोखंडी_माणूस

एवढं रामायण झालं. पुन्हा सांगतो. थर नाही म्हणजे निघायला काही नाही. माझा बिडाचा तवा आजीचा आहे, आजी गेली, तवा आहे.

नेरूळची_सुगरण

दादा, तुमचा बिडाचा तवा उचलतं कोण आणि घासतं कोण ते पण लिहा.

लोखंडी_माणूस

उचलतो मी, आणि घासायचा नसतोच.

बरं, सविस्तर लिहितो, नाहीतर लोक म्हणतील नुसता डिंग्या मारतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, दगडासारखं कडक पण ठिसूळ, आपटलं तर तडकतं. नवा आणला की आधी गरम पाण्याने धुवायचा, आमच्याकडे दोन-तीन दिवस तांदळाच्या पेजेत भिजत ठेवायचे. मग कोरडा करून गॅसवर तापवायचा, कापडाने तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा, पुसट म्हणजे लावून परत पुसून घ्यायचा, धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, परत तेच, चार-पाच वेळा. तेल जळून त्याचा काळा कडक थर होतो तोच तुमचा नॉनस्टिक, फुकटातला. काकांच्या भाषेत वार्निशच, पण पूर्ण भाजलेलं. जाड तेल लावलं की ते अर्धवट राहतं आणि चिकचिक होतं, तिथेच सगळे चुकतात. घावन टाकण्याआधी अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. चिंच-कोकम-टोमॅटो त्यात शिजवायचं नाही, काळपट होतं आणि थर पण उतरतो. ओला ठेवला की एका रात्रीत गंज, पावसाळ्यात तर बघायलाच नको, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने.

खारघर७

साबुदाण्याची खिचडी करा हो तुमच्या लोखंडात. मी एकदा केली, लिंबू पिळलं, एकादशीला राखाडी खिचडी खाल्ली सगळ्यांनी. साबुदाणा आणि शिरा या दोन गोष्टींसाठी मी नॉनस्टिक कढई घेतलीय आणि तिच्यात दुसरं काही करू देत नाही.

लोखंडी_माणूस

मी उपास करत नाही.

नेरूळची_सुगरण

पळवाट 😄 पण खारघर७ बरोबर बोलतायत. साबुदाणा, शिरा, पनीर, अंडं, घावन, पातळ धिरडी, एवढंच नॉनस्टिकचं राज्य. आम्ही काय करतो, एकदा पैसे घातले की त्यातच चिकन परततो, त्यातच फोडणी, त्यातच पापड भाजतो. पापड! माझ्या नणंदेने पापड भाजला होता.

पाचपाखाडीची

हार्ड ॲनोडाइज्डचं कोणी काही बोललंच नाही. हॉकिन्सच्या फ्युचुरात काळा राखाडी तवा दिसला, तो नॉनस्टिकच असतो ना?

कोपरीवाला

नसतो, म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही मिळतात, नाव वाचून घ्या. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने त्याच धातूचा कडक थर तयार करतात, वरून लावलेलं काही नाही म्हणून पापुद्रे निघत नाहीत, स्टीलचा कालथा चालतो. पण त्यावर तेलाशिवाय घावन सुटणार नाही. भाजीला, परतायला झकास. काही भांड्यांत हार्ड ॲनोडाइज्डवर नॉनस्टिकचा थर देतात, बूड भक्कम म्हणून ती टिकतात बरी, पण थर शेवटी थरच.

आणि मराठी घरात गिऱ्हाईक "नॉनस्टिक द्या" म्हणायचंच नाही, "निर्लेप द्या" म्हणायचं, मग हातात कुठल्याही कंपनीचा घेऊन जाऊ दे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९६८ मध्ये सुरू झालेली कंपनी, २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली. लेप असलेल्या तव्याचं नाव निर्लेप, मामा प्रत्येक नव्या पोऱ्याला हा विनोद एकदा तरी ऐकवायचा.

टीटीसी_काका

ताई, सोड्याचं काय झालं?

पाचपाखाडीची

सांगतेच आहे, जरा दम खा काका.

शनिवारी सोडा टाकून उकळला. पाणी आधी चहासारखं आणि मग पिवळं झालं, वर तवंग. दुसऱ्यांदा परत केलं. हात फिरवला तर कडेला अजून थोडं खरखरीत आहे पण मधे काचेसारखं. रविवारी सकाळी घावन टाकलं. पहिलं बिघडलं, पण पहिलं सगळ्यांचंच बिघडतं, दुसरं कडेने आपोआप उचललं गेलं, मी नुसता लाकडी उलथण्याचा कोपरा लावला आणि ते सरकलं. मी ओरडलेच. म्हणजे दोन महिने मी चांगल्या तव्याला शिव्या घालत होते.

आता पुढचं. ही सगळी चर्चा मी सासूबाईंना वाचून दाखवत होते तर बिडाचा उल्लेख आला तशा त्या म्हणाल्या, आपला माळ्यावर आहे की. मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं! त्या लग्नानंतर गावाहून घेऊन आल्या होत्या. नवऱ्याला चढवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पूर्ण तांबडा, गंजाने. मी म्हटलं हा गेला, त्या म्हणाल्या बीड असं जात नसतं. काथ्याने घासून घासून गंज काढला, मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही, मनगट दुखतं ते विसरल्याच. पेजेत ठेवलाय सध्या. लोखंडी_माणूस, तुमची ती पुसट तेलाची पायरी त्यांना वाचून दाखवली तर "हे कोणाला नवीन आहे" म्हणाल्या, फार लावून घेऊ नका.

लोखंडी_माणूस

काकूंना माझा नमस्कार सांगा. मी हरलो आणि जिंकलो.

घोडबंदर_ट्रॅफिक

काचेच्या शेगडीवर तो आपटू नका म्हणजे झालं. आमच्याकडे कुकर निसटला होता तर काच फुटायचा आवाज खालच्या मजल्यावर गेला.

नेरूळची_सुगरण

मग नवीन घेणार आहेस की नाही? एवढं लिहिलं आम्ही.

पाचपाखाडीची

घेतला! तिसरा तवा आता फक्त घावन-आंबोळीला. ऑम्लेट आणि चिल्यासाठी वेगळा छोटा घेतला, चोवीस सेंटिमीटर, साडेतीन मिलिमीटर, साडेआठशे रुपये. दुकानात पट्टी घेऊन गेले होते, बुडाला लावून बघितली तर दुकानदार म्हणाला मॅडम इंजिनियर आहात का. सेट नाही घेतला, त्याचे वाचले त्यातून दोन लाकडी उलथणी आणि एक सिलिकॉनचं घेतलं. स्टीलचे कालथे वरच्या खणात ठेवलेत, तिथे नवऱ्याचा हात पोचतो पण आळस नाही पोचत. फुगलेला दुसरा तवा भंगारवाल्याला दिला, त्याने हँडल उचकटून माझ्याच हातात ठेवलं आणि बाकीचं तोललं.

वाशी_सेक्टर_नऊ

आणि कोथिंबीरवाला पहिला तवा?

पाचपाखाडीची

तो राहू दे. कोथिंबीर मस्त आलीय.

पाचपाखाडीची

मंडळी, शेवटचं एक अपडेट आणि मग मी गप्प. काल सासूबाईंनी बिडावर घावन केलं. पाच वेळा तेलाचा हात देऊन झाला होता, घरभर धूर, शेजारच्या काकू विचारायला आल्या. अर्धा कांदा फिरवला, पीठ वाटीने लांबून सोडलं, झाकण ठेवलं. पहिलं चिकटलं, दुसरं अर्धं चिकटलं, मी मुकाट्याने नॉनस्टिक खाली काढायला लागले. तिसऱ्याला झाकण उचललं तर अशी जाळी पडली होती की खालचा तवा दिसत होता, आणि कडा स्वतःहून वर आल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते घावन मोडून पहिला तुकडा नारळाच्या रसात बुडवून मुलाच्या हातात दिला. तो म्हणाला, आज्जी यात तीळ नाहीयेत.

ऐरोली_पीजी

ताई पिठाचं प्रमाण द्या ना, पॅन बदलून मिळालाय.

पाचपाखाडीची

अरे साधं आहे, तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी दोन वाट्यांच्या थोडं वर, मीठ. ताकासारखं पातळ हवं, आणि प्रत्येक घावनाआधी ढवळायचं कारण पीठ खाली बसतं. पसरायचं नाही, वरून ओतायचं. पहिलं बिघडलं तर घाबरू नकोस.